भर बाजारातली सहा मजली ऑफिस इमारत कशी उतरवायची

पाडकामाचा ठेकेदार जागा बघायला येतो तेव्हा लगेच जिना चढत नाही. तळमजल्यावरच्या एखाद्या कॉलमचं सुटलेलं प्लास्टर अंगठ्याने पाडतो, आतल्या सळईची जाडी बघतो, बाहेर येऊन मजले मोजतो आणि विचारतो, "साहेब, लोखंड कुणाचं?"

अख्ख्या कामाचं गणित या प्रश्नात आहे. आपल्याकडे पाडकामाचा ठेकेदार अनेकदा पैसे घेत नाही, उलट देतो. सळई, खिडक्या, तांब्याच्या वायरी, लिफ्टची मोटर विकून तो कमावतो. कमिटीला हे फार आवडतं. मला याची धास्ती वाटते. का, ते पुढे सांगतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. नव्या इमारती उभ्या करण्यापेक्षा जुन्या उतरवण्यात माझी जास्त वर्षं गेली. ‘उतरवणं’ हा आमच्या मुकादमांचा शब्द आणि तोच बरोबर आहे. हा लेख व्यापारी इमारतीच्या कमिटीवर असलेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच असं काम अंगावर घेणाऱ्या तरुण इंजिनिअरांसाठी आहे.

डोळ्यांसमोर एक इमारत ठेवू. दादर पश्चिम, स्टेशनकडे जाणारा रस्ता. तळमजला अधिक सहा, १९७०च्या दशकातलं आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) काम, मजल्याला साधारण ३०० चौरस मीटर. खाली दुकानं, वर सीए, वकील, क्लासेस, एक डेंटिस्ट. एका बाजूला चाळ, अगदी भिंतीला भिंत. दुसऱ्या बाजूला नऊ फुटी बोळ. समोर फुटपाथ, आणि त्यावर पहाटे चारपासून फुलांच्या पाट्या.

सुरुंगाचं नाव काढू नका

प्रत्येक कमिटीत एकजण तरी विचारतोच, "ते नोएडाला केलं तसं एका मिनिटात नाही का होणार?" २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडात जवळजवळ १०० मीटर उंचीचे जुळे टॉवर सुमारे ३,७०० किलो स्फोटकं लावून पाडले. टॉवर काही सेकंदांत खाली आले हे खरं. पण त्याआधी कित्येक महिने तयारी चालली होती, आणि त्या दिवशी आसपासच्या सोसायट्यांतली हजारो माणसं घराबाहेर काढावी लागली. दादर स्टेशनच्या आसपास तेवढा परिसर रिकामा करायचा म्हणजे लोकल बंद, बाजार बंद. शिवाय भिंतीला भिंत लावून चाळ उभी.

पुण्याचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकांनी उडवला. धूर बसला तेव्हा पूल पूर्ण पडलेलाच नव्हता. काँक्रीट फुटलं, पण सळयांनी धरून ठेवलं. अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं, असं काम करणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. मग पोकलेन लावून उरलेलं खाली घेतलं. तज्ज्ञ मंडळी असूनही आत किती लोखंड आहे हे बाहेरून कळत नाही, हे लक्षात ठेवा.

आपली इमारत वरून खाली, एकेक मजला उतरणार. पाडकामाच्या सुरक्षिततेची भारतीय मानक संहिता, आयएस ४१३०, हेच सांगते: जे शेवटी बांधलं ते आधी काढायचं.

आधी इमारत वाचा

महापालिकेच्या दप्तरातून मंजूर नकाशे काढा. जुन्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आरसीसीचे नकाशे मिळाले तर नशीब. पण मिळालेल्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत दर गाळेधारकाने काहीतरी केलेलं असतं. पोटमाळा घातलेला असतो, दोन गाळ्यांमधली भिंत काढलेली असते, गच्चीवर मोबाइल टॉवर चढवलेला असतो.

एका कामात तळमजल्याच्या कपड्याच्या दुकानात भिंतभर गुळगुळीत प्लायवूड होतं. दुकान रिकामं झाल्यावर मी पॅनल काढायला लावलं. मागे अठरा इंची कॉलमची एक बाजू छिन्नीने तीन इंच तासलेली, दोन सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेले. शोकेस बसेना म्हणून कुणीतरी कधीतरी तासला होता. वर सहा मजले होते. त्या कॉलमभोवती लोखंडी टेकू लावल्याशिवाय मी गच्चीवर एक हातोडाही चालू दिला नाही.

म्हणून गाळे रिकामे झाले की पहिलं काम हे: सगळं पॅनलिंग आणि फॉल्स सीलिंग काढून सांगाडा उघडा करा. दर मजल्यावर दोन-तीन कॉलम, काही बीमची टोकं आणि स्लॅबची खालची बाजू फोडून सळई बघा. मुख्य सळई कोणत्या दिशेने धावते, कोणते भाग बाहेर लोंबतात (छज्जे, गॅलऱ्या, दुकानांवरचं छत), एखादा कॉलम खालच्या मजल्यावर न उतरता बीमवरच उभा आहे का, हे सगळं नकाशावर लाल पेनाने मांडा. पुढचा क्रम या कागदावर ठरतो.

इमारत नव्वदीनंतरची असेल आणि आत खांबांशिवायचे लांबरुंद हॉल असतील तर आणखी एक शंका घ्या: स्लॅबमध्ये ताणून बसवलेल्या केबल आहेत का? अशी केबल साध्या सळईसारखी गॅस कटरने कापली तर ती बंदुकीसारखी सुटते आणि स्लॅबचा आधारही त्याच क्षणी जातो. तसं काही दिसलं तर त्या प्रकारच्या कामाचा जाणकार बोलवा. नेहमीचा ठेकेदार तिथे चालणार नाही.

शेजाऱ्यांचे तडे

काम सुरू व्हायच्या आधी चाळीतल्या प्रत्येक खोलीत जा. फोटो काढा, जुन्या तड्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटेल अशी काचेची पट्टी लावा, तिच्यावर तारीख लिहा. तडा हलला की काच फुटते. वाद घालायची वेळच येत नाही. फोटोंच्या यादीवर खोलीवाल्यांची सही घ्या आणि एक प्रत त्यांना द्या.

यात थोडा मानही असतो. मी गेलो तेव्हा एका मावशींनी दारातच अडवलं. "आत्ताच येताय, नंतर कोण येणार?" मी म्हटलं, "दर सोमवारी मीच येणार, मावशी. काच फुटली तर मला फोन करा, आधी काम थांबेल, मग बोलू." तिसऱ्या सोमवारी त्यांनी चहा दिला. पाचव्या आठवड्यात खरंच एक काच फुटली. आम्ही ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) बंद करून त्या बाजूचं काम हातोडा-छिन्नीवर आणलं.

चाळीची भिंत तुमच्या इमारतीला टेकून उभी आहे की स्वतःच्या पायावर, हेही इथेच शोधायचं. जुन्या बाजारपेठांत दोन इमारतींची एकच भिंत असणं नवलाचं नाही. तसं असेल तर आधी तिला तिरके टेकू, मग बाकी सगळं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारत पाडणंही येतं, म्हणून परवानगीशिवाय पहिली वीट काढता येत नाही. इमारत महापालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवली असेल तर रस्ता वेगळा आणि लवकरचा. बाकी वॉर्ड ऑफिस, वाहतूक पोलीस, झाडं असतील तर उद्यान खातं, राडारोडा कुठे जाणार याचा आराखडा. गाळेधारकांपैकी कुणी कोर्टात गेला असेल तर तो विषय मिटेपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. अर्धी उतरवलेली आणि स्थगिती मिळालेली इमारत सगळ्यांत धोक्याची.

कॅलेंडरही इथेच लावा. दादरमध्ये गणपती ते दिवाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, तेव्हा आधीचा आणि नंतरचा दिवस धरून एकही डंपर हलवायचा नाही. दिवाळीनंतर परांचीची बांधणी आणि आतली सफाई, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर पहिला घाव, मार्चअखेर जमीन. एप्रिलमध्ये सुरुवात करणाऱ्याला पाऊस अर्ध्यावर गाठतो.

करार: इथे सगळ्यांत जास्त वेळ घाला

२०१३च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर, म्हणजे त्यांच्याही भर बाजारात, एक चार मजली जुनी इमारत पाडत होते. विकून पैसे येतील म्हणून आतल्या लाकडी तुळया आधी काढून घेतल्या. तुळयांनी दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. त्या गेल्यावर एक उंच विटांची भिंत कशाच्याही आधाराशिवाय उभी राहिली. शेजारी जुन्या कपड्यांचं एकमजली दुकान होतं आणि ते उघडं होतं. ५ जूनला, बुधवारी सकाळी, ती भिंत त्या दुकानावर कोसळली. सहा माणसं त्या दिवशी गेली, सातवं नंतर.

तुळयांच्या जागी सळई ठेवा की ही गोष्ट आपली होते. आपल्या २,१०० चौरस मीटरच्या इमारतीत चौरस मीटरमागे ४० किलो धरलं तर ८० टनांच्या वर लोखंड निघतं. भंगारात किलोला ३० रुपये मिळाले तरी पंचवीस लाख. ठेकेदाराने तुम्हाला आगाऊ पैसे दिले असतील तर पहिल्या दिवसापासून त्याचं लक्ष त्या पंचवीस लाखांवर असतं. सळई लवकर हाती यावी म्हणून चौथ्या मजल्यावर काम चालू असताना खाली दुसऱ्यावर कुणीतरी बीम फोडायला बसतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वाईट वृत्तीमुळे होतं असंही नाही. त्याच्याही डोक्यावर सावकार असतो, दिवसाचा पगार असतो.

म्हणून करारातच ही ओढ तोडा. उतरवण्याचे पैसे ठेकेदाराला तुम्ही द्या, मजल्यामागे ठरवून: एक मजला उतरला, खालचा स्लॅब झाडून साफ झाला, इंजिनिअरने सही केली, की एक हप्ता. लोखंडाची मालकी सोसायटीची ठेवा, किंवा त्याला द्यायचंच असेल तर वजनकाट्याच्या पावतीवर, आणि मजला साफ झाल्याशिवाय एक किलोही गेटबाहेर जाणार नाही असं लिहा. आकडा थोडा महाग दिसेल. कमिटीतले दोन जण तुम्हाला वेड्यात काढतील. काढू द्या.

करारात आणखी काही गोष्टी हव्यातच. इंजिनिअरला तोंडी आदेशावर काम थांबवायचा अधिकार. प्रत्येक मजल्याचा पाडण्याचा क्रम चित्रासकट, मुकादमाला वाचता येईल अशा भाषेत. आपल्याकडे ती बहुतेक हिंदी असते. मजुरांची नोंदणी आणि विमा. शेजाऱ्यांच्या नुकसानीचा वेगळा विमा, आणि त्याची पॉलिसी प्रत्यक्ष हातात. ‘काढतोय, साहेब’ याला पॉलिसी म्हणत नाहीत.

तोडणी: वीज, पाणी, गॅस

मीटर काढून नेले म्हणजे वीज गेली असं समजू नका. दादरला पुरवठा बेस्टचा. जुन्या व्यापारी इमारतींच्या तळमजल्यात बऱ्याचदा विजेचं सबस्टेशन असतं आणि त्यातून शेजारच्या इमारतींनाही लाइन जाते. ते आधी हलवायला लागतं, आणि त्याला महिने लागतात. म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी करा. गॅसची पाइप, पाण्याची जोडणी, टेलिफोनच्या केबल यांचं प्रत्येकाचं लेखी पत्र घ्या. मग स्वतः टेस्टर घेऊन मजल्या-मजल्यावर फिरा. एकदा पाचव्या मजल्यावरच्या पॅसेजमधला दिवा सगळं ‘बंद’ झाल्यावरही लागला. शेजारच्या इमारतीतून कुणीतरी खिडकीतून वायर ओढली होती.

पाण्याची एक जोडणी मात्र ठेवायची. धूळ बसवायला आणि आगीसाठी लागते.

बांधणी आणि पडदा

रस्त्याच्या बाजूने परांची, तीही इमारतीला पक्की बांधलेली. तिच्यावर आतून जाळी, बाहेरून हिरवं कापड किंवा ताडपत्री. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीबाबत काढलेल्या नियमांनुसार पाडली जाणारी इमारत वरपासून खालपर्यंत झाकायला लागते, काम चालू असताना पाणी मारत राहायला लागतं, भूखंडाभोवती उंच पत्रा लावायला लागतो आणि बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुवायला लागतात.

फुटपाथवर मजबूत छताचा बोगदा बांधा. पत्र्याचं छत पुरेसं नाही. जाड फळ्या, त्यावर वाळूच्या गोण्या. लोक रस्त्यावर उतरून चालले तर बोगदा असून नसल्यासारखा, म्हणून तो रुंद ठेवा आणि आत दिवे लावा. फुलवाल्यांशी आधी बोला. त्यांना समोरच्या बाजूला जागा मिळवून दिली तर तेच लोकांना "तिकडून जा" असं सांगतात. हे मी अनुभवाने शिकलो, कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

परांचीचा एक सापळा आहे. ती इमारतीला बांधलेली असते, आणि इमारत रोज बुटकी होते. वरचा मजला उतरला की त्याच्या गाठी सुटतात आणि परांची वर एकटी उभी राहते. ताडपत्री लावलेली असली तर शिडासारखी वारा पकडते. नियम सोपा आहे: परांचीचं टोक चालू मजल्याच्या वर डोकं झाकण्यापुरतंच असावं. मजला उतरला की परांचीही त्याच दिवशी उतरवायची.

आतली सफाई

आता दारं, खिडक्या, काचा, एसी, वायरिंग, फॉल्स सीलिंग काढा. काचा सगळ्यांत आधी. गच्चीवरच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे आणि सांडपाण्याचे जुने राखाडी पाइप बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडायचे नाहीत. ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच्या अख्खे खाली आणायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि धोकादायक कचरा म्हणून वेगळे पाठवायचे. मजुरांना साधा रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्क द्या.

या टप्प्याला आगीची भीती सगळ्यांत जास्त असते. फॉल्स सीलिंगमधली धूळ, जुने फोमचे तुकडे, फायलींचे गठ्ठे आणि वर गॅस कटरच्या ठिणग्या. कटर चालला त्या मजल्यावर काम संपल्यावर तासभर एक माणूस पाण्याची बादली घेऊन बसवा.

भिंतींबद्दल: आरसीसी सांगाड्यातल्या विटांच्या भिंती काढता येतात. पण इमारतीचा एखादा भाग भिंतींवरच उभा असेल, आणि जुन्या इमारतीत मागचा जिना किंवा संडासाचा भाग तसा असतोच, तर तिथे वीटही हलवायची नाही. जिने शेवटपर्यंत राहतात. मजुरांना पळायला तीच वाट आहे.

उतरवणं

गच्चीवरून सुरुवात. पाण्याची टाकी रिकामी करून फोडा, मग लिफ्टची खोली, मग कठडे. कठडे आतल्या बाजूला पाडायचे. पण थांबा: कठडा किंवा भिंत लोंबत्या छज्ज्याच्या मागच्या टोकावर उभी असेल तर तिच्याच वजनाने छज्जा तोल सांभाळून असतो. ती भिंत आधी काढली तर छज्जा थेट फुटपाथवर. म्हणून लोंबणारं सगळं आधी, त्याला खालून टेकू देऊन, बाहेरच्या टोकाकडून आत येत काढायचं.

प्रत्येक मजल्यावर क्रम तोच: छज्जे, स्लॅब, उपबीम, मुख्य बीम, शेवटी कॉलम. स्लॅब फोडताना आधी काँक्रीट उडवायचं, सळयांची जाळी ठेवायची, आणि पूर्ण चौकोन मोकळा झाला की मग कटर. माणसाने उभं राहायचं ते बीमवर किंवा शेजारच्या शाबूत स्लॅबवर. सुरक्षेचा पट्टा बांधायचा तो वेगळ्या दोराला, आणि दोर कॉलमला. स्वतःच्या पायाखालचा स्लॅब फोडणारा शेखचिल्ली दर कामात एक तरी भेटतो.

बाहेरच्या ओळीतले कॉलम हे खरं जोखमीचं. नऊ बाय अठरा इंची, दहा फुटी कॉलमचं वजन पाऊण टनाच्या आसपास, आणि तो रस्त्याकडे झुकला तर संपलं. आधी त्याच्या डोक्याला वायररोप बांधून आतल्या बाजूला ताणून घ्या. मग पायथ्याचं काँक्रीट फोडून सळया उघड्या करा. रस्त्याकडच्या सळया कापा, आतल्या तशाच ठेवा. त्या बिजागरीसारखं काम करतात. मग रोप हळूहळू ओढत कॉलम आत आडवा करा, खाली थोड्या राडारोड्याची गादी ठेवून. ओढताना बोळात, फुटपाथवर आणि खालच्या मजल्यावर कुणी नको. जिथे जागा अगदीच अडचणीची तिथे क्रेनला टांगून तुकडे कापा. महाग पडतं, पण चाळीकडच्या बाजूला मी हेच करतो.

आता तो आकडा, जो मी प्रत्येक मुकादमाला भिंतीवर खडूने लिहून दाखवतो. ऑफिसचा स्लॅब वापराचं वजन म्हणून चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो धरून बांधलेला असतो. फुटलेल्या काँक्रीट-विटांचा ढीग एक घनमीटर म्हणजे जवळजवळ दीड टन. म्हणजे स्लॅबवर फूटभर राडारोडा साचला की चौरस मीटरला ४५० किलो झाले. गुडघ्याएवढा ढीग म्हणजे स्लॅबवर त्याच्या ताकदीच्या दुप्पट ओझं, आणि स्लॅब पन्नास वर्षांचा, सळई गंजलेली. त्यात धुळीसाठी पाणी मारलेलं, म्हणजे ढीग आणखी जड. पाडकामात मजलेच्या मजले एकावर एक बसतात त्यामागे हेच कारण बऱ्याचदा असतं. त्यामुळे नियम घोट्याचा: ढीग घोट्याच्या वर गेला की ब्रेकर बंद, आधी सफाई.

सफाई लिफ्टच्या डक्टमधून. मजल्या-मजल्याला कडेला कठडा बांधा, तळाला दार ठेवा आणि तिथला ढीगही वर चढू देऊ नका, नाहीतर डक्टच्या भिंती बाहेर फुगतात. तळाशी भरणारा आणि वरून टाकणारा एकाच वेळी काम करणार नाहीत. त्यासाठी शिट्टी किंवा दिवा ठरवून ठेवा. तोंडी हाक ब्रेकरच्या आवाजात ऐकू येत नाही.

वर मशीन चढवायचं का? तीनेक टनांचा मिनी पोकलेन क्रेनने गच्चीवर ठेवला की वेळ निम्म्यावर येतो. पण ज्या स्लॅबवर तो चालतो त्याच्या खाली किमान दोन मजले टेकू हवेत, आणि कुठे चालायचं ते रंगाने आखून द्यायला हवं. किती मजले, किती टेकू, हे इंजिनिअरने हिशेब करून लिहून द्यायचं; अंदाजाने नाही. क्रेन रस्त्यावर उभी करताना तिचे पाय कशावर टेकतात तेही बघा. दादरसारख्या भागात फुटपाथखाली पर्जन्यजल नाले असतात आणि त्यांवरच्या फरश्या क्रेनसाठी बांधलेल्या नसतात.

राडारोडा

आपल्या इमारतीत चौरस मीटरला साधारण एक टन धरला तर २,१०० टन माल. दहा टनांची गाडी धरली तर २१० फेऱ्या. इथेच शहराचा खरा पेच आहे: दिवसा रस्त्यावर अवजड गाडीला जागा नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. तोडगा असा: फोडणं दिवसा, उचलणं रात्री, पण रात्री भरताना उंचावरून काँक्रीट पत्र्यावर आदळायचं नाही. गाडीच्या तळाला आधी माती-विटांचा थर, मग मोठे तुकडे. पहाटे चारच्या आत शेवटची गाडी बाहेर, कारण त्यानंतर फुलांचे टेम्पो लागतात. रात्री सहा गाड्या निघाल्या तर पस्तीस रात्री.

ढीग वेगळे ठेवा. २०१६च्या केंद्रीय नियमांनी काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-बांधकामाचा मसाला असे चार वर्ग सांगितले, आणि ती शिस्त सोयीचीच आहे; चार वर्ग केलेला माल प्रक्रिया प्रकल्प आनंदाने घेतो. मुंबईत महापालिकेचे असे प्रकल्प दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला आहेत. प्रत्येक गाडीची तिथली पावती परत आली पाहिजे. पावती नसेल तर तो माल खाडीत किंवा कांदळवनात गेला असं समजा, आणि नोटीस सोसायटीच्या नावाने येईल.

जमिनीखाली

तळमजला उतरला की कमिटी पेढे वाटते. अजून काम आहे. तळघर असेल तर त्याची भिंत रस्त्याची आणि शेजारच्या चाळीची माती थोपवून उभी असते, आणि तिला आतून तळमजल्याच्या स्लॅबचा टेकू होता. तो स्लॅब काढण्याआधी भिंतीला आतून तिरपे लोखंडी आधार द्या किंवा तळघर भरून घ्या. चाळीच्या बाजूचे पाये आत्ता उकरू नका. नव्या इमारतीचा इंजिनिअर येईल, तेव्हा त्याच्या आराखड्याप्रमाणे निघतील.

चाळीची जी भिंत पन्नास वर्षांत कधी पावसात भिजली नव्हती ती आता उघडी पडलेली असते. तिला प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग तुमच्या खर्चाने, मेच्या आत. काम संपल्यावरच्या सोमवारी सगळ्या खोल्यांतल्या काचा पुन्हा बघा, फोटो पुन्हा काढा, सह्या घ्या.

आणि ठेकेदाराची अनामत रक्कम सोडण्याआधी गेटसमोरच्या गटाराची झाकणं उघडायला लावा. चार महिने धुळीवर मारलेलं पाणी सिमेंटचा गाळ घेऊन तिथेच उतरलेलं असतं आणि आत दगडासारखं बसलेलं असतं. ते खरवडून काढायचा खर्च त्याचा. आमच्या एका कामात हे राहून गेलं. जूनच्या पहिल्या सरीत समोरच्या मिठाईच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं, आणि फोन मला आला.